गुण कमी आहेत, पण कोणते?

नगर रस्त्यावर वाघोलीत शिरलं की कॉलेजांचे फलक संपता संपत नाहीत. रायसोनी, मोझे, जेएसपीएम, बीजेएस. अभियांत्रिकी, फार्मसी, विज्ञान, वाणिज्य, सगळं या एका गावाच्या आसपास. इथल्या खोल्यांवर राहणाऱ्या मुलांमध्ये काही मुलं अशी असतात, की वर्गात यंत्रशास्त्र चालू असतं आणि त्यांच्या मनात मात्र डॉक्टरकीच असते. पहिल्या वर्षाला दोन विषय राहिले, सीजीपीए साडेपाचवर आला, आणि आता ती विचारतात, ‘एवढ्या गुणांवर मेडिकलला कोण घेणार?’ दुसरीकडे बारावीला ५६ टक्के मिळालेली मुलगी असते आणि तिचे आईवडील असतात. शेजाऱ्याच्या मुलाला ९१ पडले, आपलीला ५६, म्हणजे एमबीबीएस संपलं, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

दोघांनाही उत्तर एकच आहे. ज्या गुणांची तुम्हाला लाज वाटते, ते गुण एमबीबीएसच्या प्रवेशात जवळजवळ कोणी मोजतच नाही.

नियम असा आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र (पीसीबी) या तीन विषयांचे मिळून खुल्या गटाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि राज्यातल्या इतर मागास प्रवर्गांना ४० टक्के, म्हणजे १२० पुरतात. खुल्या गटातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५ टक्के. इंग्रजीत उत्तीर्ण असायला हवं. प्रात्यक्षिकाचे गुण यात धरले जातात. एक गोष्ट मात्र पुष्कळ घरांत चुकते: ईडब्ल्यूएसच्या विद्यार्थ्याला ४० टक्क्यांची सवलत नाही, त्याला ५० टक्केच हवेत.

ही रेषा ओलांडली की बारावीचं काम संपलं. ५१ टक्केवाला आणि ९५ टक्केवाला नीट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणवत्ता यादीत एकाच पायरीवरून सुरुवात करतात. दोघांना नीटमध्ये सारखे गुण पडले, तरी आधी पाहतात ते नीटमधलेच जीवशास्त्राचे गुण, मग रसायन, मग भौतिक. बारावीची गुणपत्रिका तिथे येत नाही. पदवीचा सीजीपीए तर अर्जात कुठेच लागत नाही, कारण आपल्याकडे एमबीबीएसची पात्रता बारावीवर ठरते, पदवीवर नाही. बी.एस्सी.ला राहिलेला विषय किंवा इंजिनिअरिंगचा बॅकलॉग तुमच्या मनावर असेल, प्रवेशाच्या यादीवर तो नाही.

मग एवढी भीती येते कुठून? एक कारण आईवडिलांच्या पिढीचं आहे. त्यांच्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या टक्क्यांवरच मेडिकल ठरायचं. अर्ध्या टक्क्याने हुकलेली माणसं प्रत्येक नात्यात आहेत. दुसरं कारण अमेरिका. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये असलेली मावशी सांगते की तिथे चार वर्षांच्या पदवीचा जीपीए आणि एमकॅट ही प्रवेश परीक्षा या दोन्हींवर मेडिकल स्कूल ठरतं, आणि जीपीए घसरला की पदवीनंतर पुन्हा विज्ञानाचे विषय घेऊन तो वर आणावा लागतो. ते तिथे खरंच आहे. इथे तसं नाही, आणि आपल्या परीक्षेचा विचार करताना तिथले नियम डोक्यात ठेवले तर निर्णय चुकतो.

बारावीचे गुण पात्रतेपुरतेच लागतात, याला पुण्यातच एक ठळक अपवाद आहे, आणि तो वाघोलीच्या मुलांनी आधीच जाणून घ्यावा, कारण सैन्याकडे ओढा असलेली घरं इथे बरीच आहेत. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. तिथे बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण हवी, तिन्ही विज्ञान विषयांचे मिळून किमान ६० टक्के आणि इंग्रजीसह प्रत्येक विषयात किमान ५० टक्के हवेत. दहावीला गणित उत्तीर्ण असावं लागतं. नीटच्या गुणांवर निवडक मुलांना बोलावतात आणि इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. ५६ टक्क्यांवर हा रस्ता बंद आहे. इतर रस्त्यांपुरता त्या आकड्याचा धसका सोडून द्या.

आणि १५० सुद्धा झाले नसतील तर? राज्य मंडळाची गुणसुधार योजना आहे. बारावी उत्तीर्ण झालेल्याला लगतच्या परीक्षांमध्ये पुन्हा बसून गुण वाढवता येतात. खुल्या गटातल्या ज्या मुलाला तीन विषयांत मिळून १३८ आहेत, त्याने नीटच्या क्लासला लाखभर रुपये भरण्याआधी हा अर्ज भरावा. नीटमध्ये ५०० पडले आणि पीसीबीत १३८ राहिले, तर ते ५०० वाया जातात. दरवर्षी कुणाच्या तरी घरी हे घडतं.

बारावीला जीवशास्त्र न घेता गणित घेऊन इंजिनिअरिंगला गेलेल्यांसाठीही आता वाट आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केला, तरी नीटला बसता येईल. त्याआधी अशा मुलांना अपात्र ठरवलं जात होतं. एनआयओएससारख्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हा एक विषय देता येतो. त्याची प्रात्यक्षिकं मात्र टाळू नका, आणि त्या वर्षीच्या नीटच्या माहितीपत्रकात पात्रतेचा परिच्छेद ओळ न् ओळ वाचा. इंजिनिअरिंगचं नाव मात्र लगेच काढू नका. पहिली सराव परीक्षा पूर्ण वेळ देऊन आधी पाहा.

वयाची अट विचारणारेही भेटतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. कमाल वयाची मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली गेली, आणि नीट किती वेळा द्यावी यावर बंधन नाही. बंधन प्रवेश मिळाल्यावर आहे: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षासाठी चारच प्रयत्न आणि संपूर्ण अभ्यासक्रमासाठी नऊ वर्षं. शरीररचनाशास्त्र पाठ करणं ज्याला झेपत नाही त्याने हे लक्षात घ्यावं. कच्च्या पायाचा प्रश्न प्रवेशाबरोबर सुटत नाही.

नीटचा आकडा कसा वाचायचा

‘आमचा मुलगा नीट क्वालिफाय झाला’ हे वाक्य आनंदाचं आहे, पण त्याचा अर्थ थोडासाच आहे. पात्रतेसाठी खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल लागतं, राखीव गटांना ४०. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. २०२५ मध्ये खुल्या गटाची पात्रता १४४ गुणांवर आली, ७२० पैकी. म्हणजे पाचातला एक हिस्सा गुण मिळवले की माणूस पात्र. त्या वर्षी बावीस लाखांहून अधिक मुलं बसली, बारा लाखांहून अधिक पात्र ठरली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. दर दहा पात्र मुलांमधल्या जवळजवळ नऊ जणांना एमबीबीएसची जागा मिळणारच नाही. उरलेल्या एकाला मिळेल, त्यातही निम्म्याच्या आसपास जागा खासगी आणि अभिमत संस्थांच्या.

म्हणून गुण पाहू नका, क्रमांक पाहा. याचा पुरावा २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतच आहे. २०२४ मध्ये निकालाच्या दिवशी ६७ मुलांना पैकीच्या पैकी गुण होते, फेरनिकालानंतर ती १७ राहिली. पुढच्याच वर्षी पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते, आणि अखिल भारतीय कोट्यात सरकारी जागा मिळवणारी शेवटची रेषा शंभराहून अधिक गुणांनी खाली आली. ज्या पालकांनी २०२४ चा आकडा मनात धरून ‘५५० ला काही होत नाही’ म्हणत मुलाला पसंतीक्रमच भरू दिला नाही, त्यांचं मोठं नुकसान झालं. मार्क किती याऐवजी अखिल भारतीय क्रमांक, राज्याच्या यादीतला क्रमांक आणि आपल्या प्रवर्गातला क्रमांक हे तीन आकडे कागदावर लिहा. मग राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या मागच्या वर्षीच्या फेऱ्यांच्या याद्या उघडा आणि त्या क्रमांकाला कोणतं कॉलेज मिळालं ते बघा. हे काम फुकट होतं. त्यासाठी पंचवीस हजार घेणारे समुपदेशकही याच याद्या उघडतात.

पुन्हा वर्ष द्यायचं का

हा प्रश्न सगळ्यात कठीण आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. पण निर्णय ‘मला डॉक्टरच व्हायचंय’ या वाक्यावर घेऊ नका. मागच्या प्रयत्नाची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची समोर ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, वेळ संपला, किंवा अंदाजाने गोल रंगवला. १८० प्रश्न, १८० मिनिटं. बरोबरला चार, चुकीला एक वजा. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचे. माझं मत असं आहे की ज्या मुलाचे गुण मुख्यतः शेवटच्या दोन कारणांनी गेलेत, किंवा ज्याचं जीवशास्त्र अर्धंच झालंय, त्याला पुन्हा वर्ष देण्यात अर्थ आहे. हे दोन्ही दुरुस्त होतं. ज्याला भौतिकशास्त्राची आठवी-नववीची गणितंच येत नाहीत, त्याच्यासाठी एक वर्ष अपुरं पडण्याची शक्यता जास्त. त्याने दुसरा प्रवेश हातात धरून मग तयारी करावी. दोन प्रयत्नांनंतर क्रमांकात ठळक फरक पडला नसेल, तर तिसऱ्या वर्षाचा विचार एकट्याने करू नका. घरच्यांसोबत, शिक्षकांसोबत बसा.

राज्य मंडळाच्या मुलाने एक गोष्ट ताबडतोब करावी. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं विकत घ्या. बालभारतीचं पुस्तक बोर्डासाठी ठेवा, नीटसाठी एनसीईआरटी, आकृत्यांखालच्या ओळींसह. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो. मराठी प्रश्नाविषयी शंका आली तर इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो, त्यामुळे पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत पक्के करा.

वाघोलीच्या मुलांचा एक खास अडथळा म्हणजे नगर रस्ता. शिवाजीनगर, डेक्कनच्या क्लासला जाण्या-येण्यात रोजचे तीन तास जातात आणि मूल घरी येतं तेव्हा अभ्यासाची ताकद संपलेली असते. नामांकित क्लासच्या नावापेक्षा खराडी-वाघोलीतली शांत अभ्यासिका, ऑनलाइन व्याख्यानं आणि दर रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा, ही व्यवस्था अनेकांना जास्त मानवते. ते तीन तास वर्षभर मोजून पाहा.

पैसा नाही म्हणून थांबलेल्यांसाठी पुण्यातच आधार आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम सुरू केला. गरीब घरातल्या मुलांना ते नीटसाठी मोफत शिकवतात. मेळघाटातल्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी ‘उलगुलान’ नावाची वेगळी तुकडीही घेतली. शिकवणारे बरेच जण स्वतः अशाच घरांतून आलेले असल्यामुळे मुलाला कुठे अडतं हे त्यांना नेमकं कळतं. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती ही सरकारी संस्था दहावीनंतरच नीट-जेईईचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. दहावीच्या निकालानंतर त्याची जाहिरात शोधा, बारावीपर्यंत थांबलात तर ती वेळ गेलेली असते.

शिक्षणात खंड पडलेल्यांनीही संकोचू नये. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातल्या शेकडो मुलांना भारतीय जैन संघटनेने याच वाघोलीत आणून शिकवलं. उद्ध्वस्त घरातून आलेल्या मुलांचं शिक्षण जिथे पुन्हा उभं राहिलं, त्या गावात मधल्या दोन वर्षांच्या खंडाचं ओझं मनावर घ्यायचं कारण नाही. खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, एवढंच.

कागदांनी घालवलेल्या जागा

सगळ्यात जास्त वाईट मला इथे वाटतं, कारण इथे अभ्यासाचा काही संबंध नसतो. मूल पात्र असतं, क्रमांक आलेला असतो, आणि एक दाखला नसतो.

राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो, आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेल्या लागतात. सरकारी नोकरीतल्या काही पालकांच्या मुलांसारख्या मोजक्या गटांनाच त्यात सवलती आहेत. वाघोलीत आयटीच्या नोकरीमुळे बाहेरून आलेली शेकडो कुटुंबं आहेत. मूल दहावी बेंगळुरूला किंवा हैदराबादला करून इथे आलं असेल, तर पुढे दहा वर्षं पुण्यात राहूनही त्याला राज्याच्या कोट्यात जागा मिळणार नाही. अशा घरांनी हे नववीतच पाहावं. बारावीत कळलं तर हातात मुख्यतः १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठं उरतात. उलटही होतं: पुण्यातली मुलं अकरावी-बारावीला कोटा, राजस्थानला जातात आणि बारावी तिथल्याच शाळेतून देतात. क्लास तिथे लावा, पण परीक्षा महाराष्ट्रातल्या कॉलेजातून द्या.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला महिने जातात. आजोबांच्या शाळेचा दाखला गावाकडे शोधावा लागतो. अकरावीत प्रवेश झाला की त्याच महिन्यात हा अर्ज करा. ओबीसी, भटके-विमुक्त, एसईबीसी यांना नॉन क्रिमी लेयर लागतं आणि ते त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जुन्या तारखेचं चालत नाही. मराठा समाजाच्या मुलांनी ध्यानात ठेवावं की एसईबीसीचं आरक्षण राज्याच्या कोट्यात आहे, अखिल भारतीय कोट्यात नाही. केंद्राच्या कोट्यासाठी ओबीसी दाखलाही केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीनुसार हवा.

मुलींच्या पालकांसाठी एक चांगली बातमी आहे आणि ती अजून पुष्कळांना माहीत नसते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून खासगी कॉलेजात जागा मिळाली तरीही. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही. ५६ टक्क्यांच्या त्या मुलीच्या वडिलांनी खासगी कॉलेज यादीतून खोडण्याआधी हे तपासायला हवं.

पैसे घेऊन जागा देणारे

कमी गुणांच्या मुलाच्या घरी फोन आधी एजंटचा येतो. ‘मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो, ॲडव्हान्स द्या.’ संस्थांच्या कोट्यातली जागासुद्धा नीटच्या यादीतून आणि अधिकृत फेऱ्यांतूनच भरली जाते. अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. प्रक्रियेबाहेर झालेल्या प्रवेशाला मान्यता मिळत नाही. पुण्यातल्या काही अभिमत कॉलेजांची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे. घर गहाण टाकून ती भरायची का, हा तुमचा निर्णय आहे, पण तो साडेपाच वर्षांची पूर्ण बेरीज लिहून घ्या.

परदेशाचंही तसंच. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान कुठेही जायचं तरी नीट पात्रता लागतेच. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप असलेला आणि त्या देशात डॉक्टरकीचा परवाना देणारा हवा. परत आल्यावर परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची एफएमजीई परीक्षा आणि पुन्हा बारा महिने इथली इंटर्नशिप. त्या परीक्षेत बऱ्याच सत्रांत पाचातला एकच उत्तीर्ण होतो. ज्याचा पाया कच्चा आहे म्हणून त्याला परदेशी पाठवता, त्याच्यापुढे ही परीक्षा उभी राहते.

एमबीबीएसखेरीज इतर वाटांविषयी थोडक्यात: बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, पशुवैद्यक आणि फिजिओथेरपी या सगळ्यांना नीटच लागते, त्यामुळे एकाच क्रमांकावर हे सगळे अर्ज भरा. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे, फार्मसीला एमएचटी-सीईटी. त्या दोन्हींचे अर्ज नीटच्या निकालाआधीच बंद होतात. आयुर्वेद नाइलाजाने घेऊ नका. घ्यायचंच तर रास्ता पेठेतलं, १९३३ पासूनचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय एकदा आतून पाहून या, तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला आणि मग मन बनवा.

पालकांना एक विनंती. निकालानंतरचा पहिला आठवडा मुलाशी गुणांवर बोलू नका. बारावीची गुणपत्रिका काढा, तीन विषयांची बेरीज करा, १५० किंवा १२० झालेत का ते पाहा, आणि जात वैधतेचा अर्ज राहिला असेल तर उद्या सकाळीच तो जात पडताळणी समितीकडे भरा.